शरणपूरचा डिसेंबर

सकाळची तपोवन एक्स्प्रेस कल्याण सोडते तेव्हा डब्यातली निम्मी माणसं झोपेत असतात. कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात, थळघाटाची चढण सुरू होते, आणि इगतपुरीला दार उघडलं की वडेवाल्यांच्या आरोळ्यांबरोबर गार वारा आत शिरतो. ही वाट फार जुनी. सोपारा आणि कल्याणच्या बंदरात उतरलेला माल याच घाटाने नाशिककडे आणि पुढे देशावर चढायचा. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा एक व्यापारी, जो पुढे संन्यासी झाला, आपल्या ग्रंथात लिहून गेला की कल्लियाना इथे ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप पर्शियातून नेमला जातो. बहुतेक अभ्यासक हे कल्लियाना म्हणजे आपलं कल्याणच मानतात. ज्ञानेश्वरांच्या सातशे वर्षं आधीची ही गोष्ट. पोर्तुगीज गलबतं दिसायलाही तेव्हा साडेनऊशे वर्षं अवकाश होता. ‘तुमचा धर्म इंग्रजांबरोबर आला का हो?’ असं प्रवासात कुणी विचारलं की मला हा घाट आठवतो.

डिसेंबर म्हटला की लोकांना नाताळ दिसतो. चांदण्या, केक, लाल टोपी. पण जुन्या ख्रिस्ती पंचांगात हा महिना संतांच्या दिवसांनी गच्च भरलेला आहे. ६ तारखेला निकोलस, ७ ला अँब्रोज, १३ ला लुसी, २१ ला थोमा, आणि नाताळ उलटताच ओळीने २६ ला स्तेफन, २७ ला योहान, २८ ला बेथलेहेमची बालकं. यांतला एकही दिवस धड कुणाच्या लक्षात राहत नाही, कारण सगळ्यांवर २५ ची सावली पडते. याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हे दिवस अशा गावी घालवायचे ठरवले, जिथे या संतांच्या आयुष्याशी जुळणारं काही खरोखर घडलेलं आहे. ते गाव नाशिक.

नाशिककरांना संतांचे दिवस कसे पाळतात हे शिकवायची गरज नाही. इथून त्र्यंबकेश्वर जवळ. तिथे निवृत्तिनाथांची समाधी, आणि पौष वद्य एकादशीला त्यांची यात्रा. तुकाराम बीज घ्या, एकनाथ षष्ठी घ्या. आपण संताला आठवतो ते बहुधा तो जन्मला त्या तिथीला नव्हे, तर तो गेला त्या तिथीला. पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी अगदी हेच केलं. रक्तसाक्ष्याच्या, म्हणजे श्रद्धेपायी मारल्या गेलेल्या माणसाच्या, मृत्यूचा दिवस त्यांनी टिपून ठेवला, त्या दिवशी त्याच्या थडग्यापाशी जमले, जेवले, प्रार्थना केली, आणि त्या दिवसाला त्याचा जन्मदिवस म्हणू लागले. २५ डिसेंबर हा ख्रिस्तजन्माचा दिवस म्हणून रोममध्ये ३३६ साली नोंदलेला सापडतो. रक्तसाक्ष्यांचे दिवस पाळायची रीत त्याहून जुनी. नाताळ मागाहून आला आणि यजमान होऊन बसला.

२१ डिसेंबरला, थोमाच्या जुन्या तिथीला, मी चर्चमध्ये गेले नाही, पांडवलेण्यांवर गेले. रोमन पंचांगाने १९६९ च्या फेरबदलात हा दिवस ३ जुलैला हलवला, पण मला थोमा थंडीतच बरा वाटतो, आणि त्याला कारण आहे. तिसऱ्या शतकात एडेसा शहरात, सिरियाक भाषेत, ‘थोमाची कृत्ये’ नावाचं एक आख्यान लिहिलं गेलं. शिष्यांनी जगाच्या दिशा वाटून घेतल्या, थोमाच्या वाट्याला हिंदुस्थान आला, आणि तो जायला तयार होईना. तेवढ्यात हब्बान नावाचा व्यापारी सुतार शोधत बाजारात आला होता. येशूने थोमाकडे बोट दाखवलं, हा माझा गुलाम आहे म्हणाला, आणि चांदीच्या तीन लगडींना त्याला विकून टाकलं. हिंदुस्थानचा पहिला प्रेषित या आख्यानात विकत घेतलेला गुलाम म्हणून इथे येतो! ही गोष्ट मी लहानपणी ऐकली तेव्हा नुसती चमत्कारिक वाटली होती. नाशिकमध्ये तिचा अर्थ बदलतो, पण त्याकडे पुढे येते.

गुंदफर राजाने थोमाला महाल बांधायला सांगितलं. थोमाने वेताच्या कांडीने जमिनीवर आखणी करून दाखवली: दारं उगवतीला, खिडक्या मावळतीला, भटारखाना दक्षिणेला, पाण्याचे नळ उत्तरेला. राजा खूश. मग थोमा म्हणाला, मी हिवाळ्यात कामाला लागेन आणि वसंतात पुरं करीन. राजाला नवल वाटलं, कारण लोक बांधकाम उन्हाळ्यात करतात. पैसे येत गेले आणि थोमा ते गावोगाव गोरगरिबांत वाटत गेला. राजाने विचारलं, महाल कुठाय? थोमा म्हणाला, बांधून झालाय, फक्त तो तुला आता दिसायचा नाही. राजाने त्याला कोंडलं. त्याच रात्री राजाचा भाऊ मेला, आणि स्वर्गात त्याने तो महाल पाहिला. आख्यान खरं की रचलेलं, यावर विद्वान बोलत राहोत. पण हा राजा रचलेला नाही. गोंडोफारेस नावाचा राजा पहिल्या शतकात वायव्येला होऊन गेला. त्याची नाणी आहेत आणि तख्त-इ-बाहीचा शिलालेखही आहे.

त्याच काळातली माणसं पांडवलेण्यांत भेटतात. फाळके स्मारकाच्या बाजूने पायऱ्या चढून गेलं की खाली मुंबई-आग्रा रस्त्याची गडगड ऐकू येत राहते आणि वर कोरलेली अक्षरं गप्प असतात. सतराव्या लेण्यात इंद्राग्निदत्त, धर्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडच्या दात्तामित्रीचा यवन, आपलं दान नोंदवून गेलाय. बापाचं नाव धर्मदेव, मुलाचं इंद्राग्निदत्त, दान बौद्ध संघाला, आणि जात विचाराल तर ग्रीक. दहाव्या लेण्यात मी जास्त वेळ थांबले. तिथे नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने आपल्या दानांची यादी कोरून घेतली आहे: तीन लाख गाई, सोळा गावं, नद्यांवर फुकट तरी, आणि प्रभासला आठ ब्राह्मणांची लग्नं स्वतःच्या खर्चाने लावून दिली. राजाचा जावई आपलं औदार्य दगडात कोरतो, आणि आख्यानातला सुतार राजाचेच पैसे त्याला न सांगता वाटून टाकतो. दान दोघांनीही केलं. मला दुसऱ्याचं जास्त भावतं, कारण त्यात धोका होता.

लग्नाच्या खर्चावरून निकोलस आठवलाच. मायरा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं देमरे, तिथला हा चौथ्या शतकातला बिशप. त्याच्याबद्दल पक्कं असं फार थोडं माहीत आहे, पण एक कथा घट्ट चिकटून राहिली. एका बुडालेल्या माणसाच्या तीन मुली. हुंड्याला पैसे नाहीत. लग्न होत नाही म्हणून बाप त्यांना बाजारात बसवायच्या बेतात. निकोलसने रात्री, कुणाला कळू न देता, खिडकीतून सोन्याची पुरचुंडी आत टाकली. पहिलीचं लग्न झालं. मग दुसरी पुरचुंडी, मग तिसरी. याच निकोलसचा पुढे लाल टोपीवाला सांताक्लॉज झाला, आणि बाजारात विकायला निघालेल्या मुली कथेतून गळून गेल्या. हे माझ्या मते नाताळाचं सर्वांत मोठं नुकसान आहे. ज्या महाराष्ट्रात हुंड्यापायी मुली अजून जळतात, विहिरी जवळ करतात, तिथे निकोलस खेळणी वाटणारा म्हातारा म्हणून यावा? त्याने हुंड्याच्या भीतीतून मुली सोडवल्या म्हणून तो यायला हवा.

सिसिलीतल्या सिराक्यूजची लुसी त्याच धाग्यातली. इ. स. ३०४ च्या सुमाराला, सम्राट डायोक्लेशियनच्या छळात ती मारली गेली. तिने आपल्या हुंड्याचे पैसे गरिबांना वाटले, आणि चिडलेल्या नवऱ्यामुलानेच तिची चुगली केली, असं तिचं चरित्र सांगतं. आणि मिलानचा अँब्रोज. ३७४ साली हा तिथला सरकारी अधिकारी होता, बाप्तिस्माही झालेला नव्हता. बिशप कोण यावरून तंटा चालला असताना तो शांत करायला आला आणि लोकांनी त्यालाच बिशप केला. ७ डिसेंबर ही त्याच्या अभिषेकाची तारीख. पुढे गॉथांनी धरून नेलेल्या कैद्यांना सोडवायला पैसे कमी पडले तेव्हा त्याने चर्चची सोन्याची पात्रं मोडून वितळवली. विरोधकांनी बोंब ठोकली. अँब्रोजने लिहून उत्तर दिलं: प्रभूसाठी पात्रं जपण्यापेक्षा प्रभूसाठी माणसं जपणं बरं, असा त्याचा एकूण मथितार्थ. विकली गेलेली माणसं परत विकत घेणं हे पहिल्या शतकांतल्या चर्चचं रोजचं काम होतं, हे अँब्रोज वाचताना कळतं.

आता शरणपूर.

कॅनडा कॉर्नरच्या गर्दीत उभं राहून कुणाला पटणार नाही की इथे एकेकाळी गावाबाहेरची वस्ती होती. चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड सी. पी. फरार १८३२ मध्ये नाशिकला आले. १८५४ मध्ये रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शहराच्या पश्चिमेला ख्रिस्ती वस्ती वसवली, तीच शरणपूर. बाप्तिस्मा घेतला म्हणून घरातून हाकललेले, वाळीत टाकलेले, आईबाप गमावलेले असे सगळे तिथे आले. शाळा निघाली, सुतारकाम, लोहारकाम शिकवणारी कर्मशाळा निघाली. आज शरणपूर रोड म्हणजे दुकानं, दवाखाने, क्लासेसच्या पाट्या. पण संत आंद्रिया चर्चच्या आवारात शिरलं की हॉर्नचा आवाज जरा मागे पडतो. अंद्रियाचा दिवस ३० नोव्हेंबर, आणि ख्रिस्ती वर्षाचा आगमनकाळ त्याच्या सर्वांत जवळच्या रविवारी सुरू होतो. डिसेंबरच्या तोंडाशीच उभा असलेला संत शरणपूरच्या वाट्याला आला. शुभवर्तमानात अंद्रिया फार बोलत नाही. तो माणसांना घेऊन येतो: भाऊ पेत्राला तोच आणतो, आणि पाच भाकरी-दोन मासळ्या घेतलेल्या त्या मुलाला गर्दीतून पुढे आणणाराही तोच. एका मुलाकडे लक्ष गेलेला प्रेषित! शरणपूरला शोभणारा.

कारण शरणपूरची खरी गोष्ट मुलांची आहे. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलामांनी भरलेली अरबी गलबतं निघत. इंग्रजांची आरमारी जहाजं त्यातली काही पकडत आणि सुटलेल्या माणसांना एडनला, मुंबईला उतरवत. मोठी माणसं गोदीत, जहाजांवर कामाला लागत. पोरं कुठे जाणार? त्यातली कितीतरी घाट चढवून नाशिकला आणली गेली, आणि शरणपूरमध्ये त्यांच्यासाठी आफ्रिकन असायलम उघडलं. न्यासा सरोवराच्या आसपासच्या गावांतून पळवलेली मुलं गोदावरीकाठी अक्षरं गिरवू लागली, रंधा मारू लागली, भाता ओढू लागली. मुलीही होत्या. पुढे त्यांना बॉम्बे आफ्रिकन म्हणत, नासिक बॉइजही म्हणत. चांदीच्या लगडींना विकलेला सुतार थोमा इथे आठवतो. आख्यानात घडलं ते शरणपूरमध्ये पोरांच्या रूपाने खरोखर आलं: विकलेली माणसं, हातात सुताराची हत्यारं, आणि परकी भूमी.

१८६६ मध्ये आफ्रिकेचा शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आपल्या शेवटच्या सफरीवर निघाला तेव्हा त्याने नऊ नासिक बॉइज बरोबर घेतले. त्यातले काही वाटेत सोडून गेले. ती सफर माणसं खाणारी होती, त्यांना दोष देववत नाही. १८७२ मध्ये लिव्हिंगस्टनला मदत म्हणून जी माणसं धाडली गेली त्यात शरणपूरची आणखी मुलं होती. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, करस फरार ही त्यातली नावं. १ मे १८७३ ला आजच्या झांबियातल्या चितांबो गावी लिव्हिंगस्टन मेला. मेलेल्या गोऱ्या माणसाचं ओझं कोण वाहणार, तिथेच पुरून घरी जावं, असं त्यांनी केलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. सुसी आणि चुमा या त्याच्या जुन्या साथीदारांच्या पुढाकाराने त्यांनी उलट ठरवलं. हृदय काढून झाडाखाली पुरलं. तेव्हा प्रार्थनेचं पुस्तक वाचू शकणारा म्हणून जेकब पुढे झाला आणि त्याने दफनाची उपासना चालवली. झाडाच्या बुंध्यावर नाव आणि तारीख त्यानेच कोरली. तो बुंध्याचा तुकडा पुढे लंडनला रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत गेला. नाशिकला गिरवलेली अक्षरं मध्य आफ्रिकेतल्या झाडावर उमटली, याचा विचार करत मी चर्चच्या आवारातल्या एका पारावर बराच वेळ बसून होते.

मग त्यांनी ते शरीर मीठ लावून, उन्हात वाळवून, सालीत गुंडाळून समुद्रापर्यंत आणलं. हजार मैलांहून जास्त वाट. ताप, भूक, वाटेतल्या चकमकी; काही जण वाटेतच गेले. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोला पोहोचले. १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर अॅबेत दफन झालं तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत विशीतला जेकब वेनराइट होता. लिव्हिंगस्टन गेल्यानंतर महिन्याभराने, जून १८७३ मध्ये, झांजिबारचा गुलामांचा बाजार सुलतानाने बंद केला होता. त्यासाठीच्या कराराची बोलणी करायला गेलेले सर बार्टल फ्रिअर म्हणजे मुंबईचे आधीचे गव्हर्नर. १८७५ मध्ये मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रिअर टाउन वसलं, आणि ते वसवायला कोण गेलं? शरणपूरचे तेच रेव्हरंड प्राइस, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेले बॉम्बे आफ्रिकन. शरणपूरने पुढचं शरणपूर जन्माला घातलं. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात १९३५ पर्यंत जगला.

नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, स्तेफनाच्या दिवशी, मी शरणपूर रोडच्या आतल्या एका गल्लीत ओळखीच्या मावशींकडे गेले. दारात कागदी चांदणी, ओट्यावर रात्रीच्या पणत्यांचं मेण. ‘जय ख्रिस्त’ म्हणून आत शिरले तर मावशी स्वयंपाकघरात भुईवर बसलेल्या, भोवती स्टीलचे डबे. आदल्या दिवशीच्या प्रीतिभोजनातलं उरलेलं गरम करून त्या डब्यांत भरत होत्या. बाजूला करंज्या, शंकरपाळी, नानकटाईच्या पुड्या. गुडघ्याशी एक वही, वहीत नावं. एका डब्याला लाल दोरा बांधलेला.

‘हा कुणाचा, मावशी?’

‘तिच्या पोटाला तिखट चालत नाही. पोरगा डबे उलटेसुलटे करतो, म्हणून खूण.’

मी विचारलं, एवढं सगळं कशाला? काल जेवण झालंच की.

‘अगं, जे उपासनेला आले ते पंगतीला बसले. ज्यांना जिना उतरवत नाही त्यांचं काय? त्यांनी काय नाताळ करू नये?’

दगडांनी मारल्या गेलेल्या स्तेफनाची गोष्ट ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि ती दगडांनी सुरू होत नाही, जेवणाने सुरू होते. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत रोज अन्न वाटलं जाई. ग्रीक बोलणाऱ्या विधवा त्यातून सुटत. कुरबूर झाली. प्रेषितांनी सात माणसं निवडायला सांगितली, त्यात स्तेफन पहिला. मला या प्रसंगात एक गोष्ट फार मोठी वाटते: सातांचीही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, त्यांच्याच हातात वाटपाची पळी दिली गेली. अन्याय झाल्याची तक्रार आली की चौकशी समिती नेमायची आपली रीत. त्या मंडळीने तक्रारदारांनाच कारभारी केलं. त्यानंतरच स्तेफनाचं ते भाषण, दगडफेक, मारेकऱ्यांचे कपडे सांभाळत उभा असलेला तरुण शौल. चौथ्या शतकाच्या अखेरीस निस्साचे बिशप ग्रेगरी ख्रिस्तजन्माच्या दुसऱ्या दिवशी स्तेफनावर प्रवचन देत होते, इतकी ही तारीख जुनी आहे. पाळण्याच्या शेजारी लगेच दगडाखाली मेलेला माणूस का, असं विचारतात. मला वाटतं, डबे भरणारा माणूस म्हणून तो पहिला आला.

त्या सातांना चर्चने पुढे डीकन म्हणजे सेवक हे पद जोडलं, आणि स्तेफन पहिला डीकन मानला गेला. १८८५ मध्ये फ्रिअर टाउनला बिशप हॅनिंग्टन यांनी दोघा बॉम्बे आफ्रिकनांना डीकन केलं: विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर. दोघेही गुलामीतून सुटलेले, शरणपूरला शिकलेले, १८६४ पासून मोंबासाजवळ रबाईला काम करणारे. त्याच वर्षी ऑक्टोबरात युगांडाच्या वाटेवर हॅनिंग्टन मारले गेले. मागे राहिलेला तांडा घेऊन विल्यम जोन्स किनाऱ्याला परत आले. स्तेफनाचं पद, रक्तसाक्ष, आणि मागे उरलेल्यांना सांभाळून घरी आणणं. हे सगळं नाशिकच्या एका विद्यार्थ्याच्या वाट्याला एका वर्षात आलं.

एक गोष्ट जाता जाता. मराठीतलं सर्वांत मोठं ख्रिस्ती काव्य, १६१६ मध्ये गोव्यात राशोल इथे छापलेलं ‘क्रिस्तपुराण’, ज्याने लिहिलं त्या जेझुइट कवीच्या नावात डिसेंबरचे दोन संत एकत्र आलेत: थॉमस स्टीफन्स. आणि ज्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’नी मराठी ख्रिस्ती घर सगळ्या महाराष्ट्राला दाखवलं, त्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, आणि १९३६ मध्ये त्यांचा शेवट झाला तोही नाशिकलाच.

२७ ला योहानाच्या दिवशी मी नाशिकरोडला गेले. संत अण्णा महामंदिर पाहिलं, आणि बाळ येशू मंदिर. बाळ येशूची यात्रा फेब्रुवारीत भरते, तेव्हा लांबलांबून माणसं येतात. डिसेंबरात तिथे निवांत होतं. कुणी नवस फेडायला आलेलं, कुणी मेणबत्ती लावून भिंतीला टेकून बसलेलं. त्यातले बरेच ख्रिस्ती नव्हते. नाशिकला याचं कुणाला काही वाटत नाही, आणि हे या शहराचं मोठेपण आहे.

२८ डिसेंबर हा या सगळ्या दिवसांतला सर्वांत अवघड. हेरोदाने बेथलेहेमची दोन वर्षांखालची मुलं मारली, त्यांचा दिवस. येशू वाचला, कारण आईबाप त्याला घेऊन रातोरात आफ्रिकेत, मिसरात पळाले. मारलेल्या मुलांची संख्या मत्तयाने दिलेली नाही आणि नाव तर एकाचंही नाही. नावं नसलेल्या लेकरांना संत म्हणून आठवणारा हा ख्रिस्ती पंचांगातला वेगळाच दिवस आहे. त्या दिवशी मी पुन्हा शरणपूरला गेले आणि आवारात मांडलेल्या गोठ्यासमोर उभी राहिले. मातीची गाय, कापसाचा बर्फ, निळा दिव्यांचा हार, आणि शेजारच्या वस्तीतली तीन-चार पोरं मेंढरांच्या जागा बदलण्यात गढलेली. मला त्या दुसऱ्या मुलांची आडनावं आठवत होती. वेनराइट, वेलिंग्टन, फरार, जोन्स. शरणपूरच्या एका मुलाचं तर नावच सायमन प्राइस होतं. आया जी नावं घेऊन त्यांना हाक मारत असतील, ती गलबतावर पुसली गेली. मिशनने त्यांना जेवण दिलं, अक्षर दिलं, हत्यार दिलं, आणि नावं इंग्रजांची दिली. ऋण मानायचं ते मनापासून मानू, पण ही हानीही मानली पाहिजे. यांचं खरं नाव विचारून लिहून ठेवावं, एवढं सुचायला हवं होतं.

या मुलांचा नाशिकमध्ये दिवस नाही. शहरात आलेला प्रवासी रामकुंड पाहतो, काळाराम पाहतो, द्राक्षबागा पाहतो, आणि इथे वाढलेल्या मुलांनी आफ्रिकेच्या इतिहासात काय केलं हे ऐकल्याशिवायच परततो. नाशिकच्या ख्रिस्ती मंडळींना, चर्च कुठलंही असो, माझी विनंती आहे: २८ डिसेंबरच्या उपासनेत बेथलेहेमच्या बालकांबरोबर शरणपूरच्या या मुलांची जेवढी नावं ठाऊक आहेत तेवढी मोठ्याने वाचा. जेकब वेनराइट १८९२ मध्ये आजच्या टांझानियात उरांबोला वारला. त्याचं नाव पहिलं घ्या. शाळांच्या शिक्षकांना विनंती, की शरणपूर रोड हे नाव कुठून आलं ते एकदा वर्गात सांगा. आणि वाचकहो, नाताळात नाशिकला जाल तर चांदण्या पाहून २५ लाच परतू नका. निदान २८ पर्यंत थांबा.